अग्निसूचना यंत्रणेतील बॅटरीची चाचणी

वीज गेल्यावरही इमारतीतील अग्निसूचना पॅनेल चालू राहावे यासाठी बसवलेली बॅटरीची जोडी ठरलेला वेळ भार पेलते का, हे पाहण्याची पद्धत. सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन एसएमएफ (मोहोरबंद, पाणी न घालाव्या लागणाऱ्या) बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळवतात.

या बॅटऱ्या शिसे-आम्ल प्रकारच्या. शिसे-आम्ल घट फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांचा (१८५९), यावर दुमत नाही. मोहोरबंद घटाचा आरंभ मात्र काही जण १९३० च्या दशकातील जर्मन जेल-घटांपर्यंत मागे नेतात, तर काही १९५७ च्या सुमारास धरतात. पॅनेलमधील बॅटरीत आम्ल बहुधा काचतंतूंच्या पट्टीत शोषलेले असते. ही रचना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची, आणि येथे तीच विचारात घेणे सयुक्तिक. बॅटरी मोहोरबंद असल्याने हायड्रोमीटर (घनतामापक) घालून आम्ल तपासता येत नाही. चाचणीची सारी अडचण इथूनच सुरू होते.

चार्जर चालू असताना मल्टिमीटर सुमारे २७.३ व्होल्ट दाखवतो, पण तो आकडा चार्जरचा. थकलेली जोडीही तेवढेच दाखवू शकते. म्हणून आधी वॉचमन व रहिवाशांना कळवून पॅनेलचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडतात. ‘मेन्स फेल’चा दिवा व बझर आला पाहिजे. मग हूटर (इशाऱ्याचा भोंगा) वाजवून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजतात. एक १२.३ वर टिकली आणि दुसरी मिनिटभरात ११ च्या खाली घसरली, तर दोष दुसरीत; तरी बदलायची जोडीच, कारण नवी-जुनी एकत्र नीट चार्ज होत नाहीत. पूर्ण क्षमता-चाचणीत प्रत्येक बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरवतात आणि क्षमता ८० टक्क्यांखाली भरल्यास ती बाद धरतात. तेवढा वेळ पॅनेलला पर्यायी जोडी हवी.

आकार ठरवताना चूक होते ती बेरजेत. नेहमीचा भार ०.२५ अ‍ॅम्पिअर, २४ तास : ६, हूटरचा १.२ अ‍ॅम्पिअर, अर्धा तास : ०.६. बेरजेला राखीव म्हणून १.२५ ने गुणले की ८.२५ अ‍ॅम्पिअर-तास. ७ अ‍ॅम्पिअर-तासांची जोडी अपुरी, १२ ची घ्यावी.

तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेडखालच्या केबिनमध्ये एप्रिल-मे बॅटरीला भोवतो. फुगलेली पेटी हे त्याचे लक्षण. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाखालील ‘फॉर्म बी’ (अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) जानेवारी व जुलैत द्यावा लागतो. त्यामुळे भारचाचणी जूनमध्येच उरकणे बरे. नव्या जोडीवर मार्करने महिना व वर्ष लिहितात. पावतीवरची नव्हे, उत्पादनाची तारीख ग्राह्य.