सिनास, सिमॉन

(१५ ऑगस्ट १८१० – १५ एप्रिल १८७६). व्हिएन्ना येथील ग्रीकवंशीय पेढीवाला, ग्रीसचा राजदूत व विद्यासंस्थांचा आश्रयदाता. जन्म व मृत्यू व्हिएन्ना येथे. जर्मन व हंगेरियन कागदपत्रांत हे आडनाव ‘झीना’ असे आढळते. त्याच्या आजोबांचे नावही सिमॉनच (१७५३–१८२२) असल्यामुळे आणि वडील जॉर्जिओस यांची व त्याची बरीच कामे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे एकाच्या खात्यावरचे काम दुसऱ्याच्या नावे मांडण्याची चूक जुन्या ग्रंथसूचींत वारंवार दिसते.

घराण्याचे मूळ मॉस्कोपोल (सध्याच्या आग्नेय अल्बानियातील वोस्कोपोये) या डोंगराळ व्यापारी गावात होते, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो घराण्याच्या वंशाचा. अठराव्या शतकात छापखाना आणि विद्यालय बाळगून असलेल्या या गावाची १७६९ मध्ये व पुन्हा १७८८ मध्ये लुटालूट झाली. तेथील कुटुंबे बाल्कन प्रदेश, हंगेरी व व्हिएन्ना येथे पांगली. ग्रीक इतिहासकार सिनास कुटुंबाला ग्रीक म्हणतात. रूमानियन अभ्यासक घरातील बोली आरोमानियन (रूमानियनला जवळची बाल्कन बोली) होती यावर भर देऊन त्यांना आरोमानियन ठरवतात. गावाच्या आजच्या स्थानावरून अल्बानियाही त्यांच्यावर हक्क सांगतो. वास्तविक हॅब्सबर्ग (ऑस्ट्रियन) साम्राज्यात ऑर्थोडॉक्स पंथाच्या कोणत्याही बाल्कन व्यापाऱ्याला सर्रास ‘ग्रीक’ म्हटले जाई, मग त्याची घरची बोली कोणतीही असो. ग्रीक ही धर्माची, शाळेची आणि हिशेबाच्या वह्यांची भाषा होती. गावच्याच दानिएल या धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक, आरोमानियन, बल्गेरियन व अल्बानियन असा चौभाषी शब्दकोश रचला, यावरूनच तेथील व्यवहाराची कल्पना येते. त्यामुळे घराणे बोलीने आरोमानियन व निष्ठेने ग्रीक होते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सिमॉनच्या पिढीपर्यंत ही निष्ठा पुरती ठरून गेली होती. तिचा खर्च त्याने स्वतःच्या तिजोरीतून केला.

आजोबांनी कापूस व तंबाखूच्या व्यापारात जम बसवला. १८१८ मध्ये त्यांना हंगेरियन सरदारकी मिळाली व ‘होदोश आणि किझ्दिआ’ हे जहागिरीचे नाव आडनावाला जोडले गेले. जॉर्जिओस (जन्म १७८२ किंवा १७८३, बहुतेक निश येथे, मृत्यू १८५६) याने व्यापारी घराण्याची मोठी पेढी केली. ऑस्ट्रियन सरकारच्या कर्जउभारणीत रोथशिल्ड, आर्नश्टाइन-एस्केलेस व गाय्म्युलर यांच्या बरोबरीने सिनासची पेढी असे. रेल्वेच्या मक्त्यांत मात्र रोथशिल्ड आणि सिनास एकमेकांसमोर उभे राहिले: डॅन्यूबच्या उत्तरेकडील मार्ग रोथशिल्डकडे गेला, तर व्हिएन्नाहून दक्षिणेस ग्लॉग्निट्झपर्यंतचा मार्ग सिनासने बांधून १८४२ मध्ये पूर्ण केला. बूडा व पेश्ट यांना जोडणाऱ्या साखळीपुलाचे (१८४९) भांडवल उभे करण्यातही त्याचा मोठा वाटा होता. या पुलावर एरवी करमुक्त असलेल्या उमरावांनीही पथकर भरावा असे हंगेरियन विधिमंडळाने आधीच ठरवून दिले होते. त्या काळी ही बाब पुलाच्या लोखंडाइतकीच गाजली, आणि पेढीच्या दृष्टीने अर्थातच सोयीची होती.

जॉर्जिओस नव्या ग्रीक राज्याचा व्हिएन्नामधील वाणिज्यदूत होता. वडिलांनंतर सिमॉनकडे पेढी आली, आणि राजनैतिक कामही. व्हिएन्ना, म्यूनिक व बर्लिन या तिन्ही दरबारांत त्याने ग्रीसचे प्रतिनिधित्व केले. ग्रीसचा राजा ओटो बव्हेरियन राजघराण्यातील असल्याने म्यूनिकच्या नेमणुकीला विशेष वजन होते. ही कामगिरी बव्हंशी शिष्टाचाराची असावी. पेढीची पत हीच राजदूताची खरी शिफारस होती.

त्याचे नाव राहिले ते दानांमुळे. अथेन्सच्या वेधशाळेचा खर्च जॉर्जिओसने उचलला होता. व्हिएन्नामधल्या या पेढीवाल्याला त्यासाठी राजी केले ते अथेन्समधील ऑस्ट्रियन राजदूत प्रोकेश-ओस्टेन याने. पायाभरणीची तारीख काही ग्रंथांत २६ जून १८४२, तर काहींत ८ जुलै १८४२ अशी येते. दोन्ही बरोबर आहेत. ग्रीसमध्ये तेव्हा ग्रेगरियन पंचांगाच्या बारा दिवस मागे असणारे ज्यूलियन पंचांग चालू होते आणि १९२३ पर्यंत चालू राहिले. समारंभासाठी तो दिवस निवडण्याचे कारण त्या दिवशीचे सूर्यग्रहण. इमारत थेओफिल हान्सेन या डेन्मार्कच्या वास्तुविशारदाची. पुढे सिमॉनने वेधशाळा चालती ठेवली आणि १८५८ मध्ये ओल्म्युट्झहून यूलियुस श्मिट या खगोलविदाला संचालक म्हणून आणवले. श्मिटने चंद्राचा जो प्रचंड नकाशा तयार केला (प्रकाशन १८७८) तो या आश्रयाशिवाय घडला असता असे वाटत नाही. चंद्रावरील शांतिसागर या मैदानात सुमारे १२ किमी. व्यासाचे एक विवर सिमॉन सिनासच्या नावे आहे.

अथेन्समधील अकादमीची वास्तू हे त्याचे सर्वांत खर्चिक काम. आराखडा हान्सेनचाच, देखरेख एर्न्स्ट त्सिलर याची. ऑगस्ट १८५९ मध्ये पायाभरणी झाली. १८६२ मध्ये ओटो पदच्युत झाला, त्यानंतरच्या अस्थिरतेत काम रेंगाळले, १८६४ मध्ये थांबले व १८६८ मध्ये पुन्हा सुरू झाले. पेंटेली डोंगराचा संगमरवर, लेओनिदास द्रोसिसने घडवलेल्या अथेना व अपोलो यांच्या उंच खांबांवरील मूर्ती, सभागृहात प्रोमीथिअसच्या कथेवरील ग्रीपेनकेर्ल याची चित्रे असा तो थाट आहे. सिमॉनच्या मृत्यूनंतर पत्नी इफिगेनिया हिने खर्च चालू ठेवला. १८८५ मध्ये इमारत पुरी झाली तेव्हा एकूण खर्च २८,४३,३१९ सुवर्ण द्राख्मा भरला होता. मात्र ज्या अकादमीसाठी ती उभारली ती संस्था १९२६ पर्यंत अस्तित्वातच नव्हती. मधल्या काळात तिथे नाणेसंग्रहालय होते, नंतर काही काळ दप्तरखानाही होता.

व्हिएन्नामधील फ्लाइशमार्क्टवरील ग्रीक चर्चचे नूतनीकरण (१८५८) त्याच्याच पैशाने व हान्सेनच्याच हातून झाले. हे चर्च ऑस्ट्रियाचे प्रजाजन झालेल्या ग्रीकांचे. तुर्की प्रजा राहिलेल्यांचे चर्च वेगळे होते. हंगेरीच्या विज्ञान अकादमीलाही त्याने सुमारे ८०,००० फोरिंट दिले. ग्योडोल्यो येथील जो वाडा पुढे सम्राट फ्रान्झ योझेफ व एलिझाबेथ यांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध झाला, तो १८५० मध्ये जॉर्जिओसने घेतला होता. सिमॉनने १८६४ मध्ये तो एका बेल्जियन बँकेला विकला.

त्याला चार मुली होत्या. आनास्तासिआ विम्प्फेन या ऑस्ट्रियन सरदार घराण्यात, इरेने व हेलेने अनुक्रमे माव्रोकोर्दातो व इप्सिलांती या ग्रीक राजकुळांत, तर आईचेच नाव लाभलेली इफिगेनिया फ्रान्सच्या कास्त्री घराण्यात गेली. पुरुष वारस नसल्याने घराण्याचे नाव सिमॉनबरोबर खुंटले आणि जमीनजुमला या चार शाखांत वाटला गेला.