जनित्र तंत्रज्ञांचं प्रशिक्षण (पुणे)

वीज तयार करणारं जनित्र, म्हणजे ज्याला सगळे जनरेटर किंवा नुसतं डीजी (डिझेल जनरेटर) म्हणतात, ते चालवायला, सांभाळायला आणि अडलं तर बिघाड शोधून काढायला माणूस तयार करणं म्हणजे हे प्रशिक्षण. सरकारी कागदावर जनित्र, वीजतंत्री, तारतंत्री असे शब्द असतात, शेडमध्ये मात्र डीजी, इलेक्ट्रिशियन, वायरमनच चालतं. पुण्यात लाइट गेली आणि 'डीजी लागला' म्हटलं की सोसायटीतल्या लहान पोरालाही कळतं, त्यामुळे डीजी कशाला लागतो हे इथे सांगत बसत नाही.

शिकवताना पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो, की मशीनला बाहेरून वीज दिलीच नाही तर व्होल्टेज तयार होतंच कसं. उत्तर म्हणजे अवशिष्ट चुंबकत्व. एक्सायटरच्या, म्हणजे मुख्य चुंबकाला वीज पुरवणाऱ्या छोट्या जनित्राच्या, लोखंडात मागच्या वेळचं थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यावर थोडंसं व्होल्टेज येतं, ते परत फील्डला, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या वाइंडिंगला, जातं, चुंबकत्व वाढतं आणि असं करत करत मशीन स्वतःच उभं राहतं. हे पहिल्यांदा कोणी केलं यावर जुना वाद आहे. फॅरडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं तिथपर्यंत सगळ्यांचं एकमत, पुढे मात्र डेन्मार्कच्या योर्थचं १८५४-५५ च्या सुमाराचं पेटंट, हंगेरीच्या येडलिकचं साधारण १८६१ चं यंत्र, मग व्हार्लीचा डिसेंबर १८६६ मधला पेटंट अर्ज, आणि जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे गेलेला सीमेन्सचा निबंध असे दावे आहेत. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल सोसायटीत सीमेन्स आणि व्हीटस्टन या दोघांचेही निबंध एकाच दिवशी वाचले गेले. जुन्या संदर्भग्रंथांचा कल सीमेन्सकडे दिसतो. येडलिकला कल्पना आधी सुचली असावी पण त्याने ती जगापुढे आणली नाही, म्हणून श्रेय एकाला न देता १८६६-६७ चा काळ धरणं जास्त बरोबर वाटतं. प्रशिक्षणात व्हीटस्टनचं नाव जरूर सांगावं, कारण सीमेन्सने फील्ड सिरीजमध्ये जोडलं होतं आणि व्हीटस्टनने समांतर, आणि आजचा साधा एव्हीआर (व्होल्टेज आपोआप ठराविक ठेवणारा रेग्युलेटर) आउटपुटमधूनच समांतर सप्लाय घेतो, म्हणजे पोरांच्या हातातल्या मशीनच्या तो जास्त जवळचा.

पुण्यात हे शिक्षण रुजलं ते इंजिन कारखान्यांमुळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची, खडकीला, आणि किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची, कोथरूडला. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यामुळे सुरुवात एका वर्षावर न टाकता १९४६ ते १९६२ हा टप्पा धरावा, पण याला खरी शिस्त आली ती उमेदवारी कायद्यानंतरच असं माझं मत आहे.

औंधच्या सरकारी आयटीआयसारख्या ठिकाणी मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आणि वीजतंत्री हा दोन वर्षांचा. डीजी मात्र या दोघांच्या मधे उभा असतो, अर्धा इंजिन आणि अर्धा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग), आणि माझ्या मते इथल्या प्रशिक्षणाची सगळ्यात मोठी उणीव हीच, की डिझेलवाला पॅनेलला हात लावत नाही आणि इलेक्ट्रिशियन इंजिनकडे बघत नाही. भोसरीत एका कारखान्यात गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, गेलो होतो. तक्रार अशी की लोड टाकला की व्होल्टेज ४१५ वरून धाडकन खाली येतं. आधी येऊन गेलेल्याने एव्हीआर दोनदा बदलला होता. माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुलाने व्होल्टमीटर सोडून आधी फ्रिक्वेन्सी बघितली, लोडवर ती ४५ हर्ट्झ होती. चार पोलचं मशीन ५० हर्ट्झला १५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालतं, त्या हिशोबाने इंजिन १३५० वर आलं होतं, आणि फ्रिक्वेन्सी साधारण ४७ च्या खाली गेली की एव्हीआर मशीन वाचवायला मुद्दाम व्होल्टेज उतरवतो, म्हणजे एव्हीआर आपलं काम नीटच करत होता. डिझेल फिल्टर चोक निघाला. फिल्टर बदलून त्याने आत अडकलेली हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिला, आधी नुसता फेस आला, मग बुडबुड्यांसकट डिझेल, आणि धार स्वच्छ झाल्यावरच स्क्रू आवळला. पुन्हा लोड टाकला तर व्होल्टेज जागचं हललं नाही.

व्होल्टेजच येत नसेल तर सगळ्यात कामाची ती १२ व्होल्टची टेस्ट. एव्हीआरवरून एक्सायटर फील्डच्या दोन्ही वायरी काढायच्या, त्यांना बॅटरीचे १२ व्होल्ट द्यायचे (प्लस मायनस बघून), लोड न टाकता इंजिन पूर्ण स्पीडला चालवायचं आणि तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजायचं. तिन्ही सारखे आणि रेटेडच्या (मशीनवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या) दहा टक्क्यांत असतील तर अल्टरनेटर ठीक, दोष एव्हीआरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. सारखे पण कमी असतील तर फिरत्या सहा डायोडकडे, एक्सायटरकडे किंवा मेन रोटरकडे (फिरणाऱ्या मुख्य भागाकडे) जायचं. वेगवेगळे आले तर मेन स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) वाइंडिंगमध्ये गडबड. एवढी एक टेस्ट पक्की शिकवली तरी 'पार्ट बदलून बघू' ही सवय निम्म्याने सुटेल, कारण कुठे बघायचं नाही हे ती आधी सांगते. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायच्या आधी एव्हीआर सोडवायचा, नाहीतर ५०० व्होल्टने तो जातो, हेही त्याच दिवशी सांगावं.

धुराचं ज्ञान मुलं लवकर उचलतात: काळा असेल तर ओव्हरलोड किंवा एअर फिल्टर चोक, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे इंजिन थंड किंवा डिझेल नीट जळत नाही, आणि कूलंट कमी होत असेल तर गॅस्केट बघा.

सुरक्षिततेत तडजोड नाही. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, म्हणजे लाइट गेल्यावर डीजी आपोआप चालू करणारं एएमएफ पॅनेल अचानक सेल्फ मारणार नाही. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन असे वेगळे अर्थिंग हवेत. चेंजओव्हरला (लाइन आणि डीजी बदलायच्या स्विचला) इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकदम जोडू न देणारी अडकण, नसेल तर डीजीची वीज उलटी महावितरणच्या लाइनवर जाते आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. हे शिकवताना आवाज चढला तरी चालेल.

२००६ मध्ये 'पुणे मॉडेल' आलं, पीकच्या, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या, वेळी कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडची वीज शहराला सोडायची, त्यातून लोडशेडिंग टाळलं गेलं. कधीतरी लागणारा सेट रोज तासन् तास चालवायचा म्हटल्यावर ऑपरेटरला लॉगबुक, ऑइल प्रेशर, तापमान हे सगळं दर तासाला लिहावंच लागतं. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना प्रदूषणाचे सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार प्लस नियम लागू झाले, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक इंजिनं आली आणि टूलबॉक्समध्ये पान्यांबरोबर लॅपटॉपही आला.

गणपतीत मंडळांच्या गाड्यांवर भाड्याचे सेट चालवणारे ऑपरेटर वेगळ्याच वाटेने शिकतात, उस्तादाच्या हाताखाली दोन-तीन हंगाम काढून. लक्ष्मी रोडवर रात्रभर सेट चालू असताना ते कान लावून हंटिंग (इंजिनचा वेग सारखा वर-खाली होणं) ओळखतात, पण त्यांच्या हातात टेस्टर सोडून दुसरं मोजायचं साधन क्वचितच असतं.