यकृताचा तीव्र ऊतकमृत्यू

यकृतातील कोशिका थोड्या अवधीत मोठ्या प्रमाणावर मरून त्याचे कार्य ढासळण्याची विकृती. ती माणसात व पाळीव जनावरांतही आढळते. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत तिला ‘तीव्र पीत अपक्षय’ म्हणत. ही संज्ञा १८४० नंतर व्हिएन्नाचे विकृतिवैज्ञानिक कार्ल रोकिटान्स्की यांच्या वर्णनावरून रूढ झाली, असे सामान्यतः मानतात.

यकृत खंडिका नावाच्या सूक्ष्म एककांचे बनलेले असते; खंडिकेच्या कोणत्या भागातील कोशिका आधी मरतात यावरून कारणाचा माग लागतो. रक्त खंडिकेच्या कडेने शिरून मधल्या नीलेकडे वाहते; त्यामुळे मध्याजवळच्या कोशिकांना ऑक्सिजन सर्वांत कमी मिळतो आणि औषधांचे रूपांतर करणारी एंझाइमेही तेथेच जास्त असतात. पॅरासिटामॉल अतिप्रमाणात घेतल्यास विषारी उपपदार्थ निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन संपते आणि हाच मध्यभाग मरतो. उंदीर मारण्याच्या पेस्टमधील पिवळ्या फॉस्फरसाने बहुधा कडेचा भाग आधी बाधित होतो.

घोड्यांतील थायलर रोगाच्या (यकृताच्या अशाच तीव्र ऊतकमृत्यूच्या) कारणाबद्दल शंभर वर्षे मतभेद होते. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन हॉर्स सिकनेस या घोड्यांच्या विषाणुजन्य रोगाविरुद्ध जिवंत विषाणू व प्रतिकारक्षम घोड्याचे सीरम एकत्र टोचलेले काही घोडे काही आठवड्यांनी कावीळ होऊन मेले. पशुवैद्य आर्नल्ड थायलर यांनी १९१८-१९ च्या सुमारास त्याचे वर्णन केले. आजारी घोडा भिंतीला डोके रेटत उभा राहतो, त्याला दिसेनासे होते आणि तो अनेकदा दोन-तीन दिवसांत मरतो. शवविच्छेदनात यकृत लिबलिबीत, बहुधा आकसलेले सापडते. पुढे धनुर्वाताचे प्रतिविष टोचलेल्या घोड्यांतही हेच दिसले. दोष सीरममधील प्रथिनांचा, वनस्पतिविषाचा की विषाणूचा, याबद्दल तर्क होत राहिले. २०१३ मध्ये पेगीव्हायरस या प्रकारच्या एका विषाणूकडे बोट दाखवले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेत मेलेल्या एका घोड्यात व त्याला दिलेल्या प्रतिविषात पार्व्होव्हायरस या प्रकारचा नवा विषाणू सापडला आणि तेव्हापासून पुराव्याचे पारडे त्याच्याकडे स्पष्टपणे झुकले आहे. संसर्ग झालेल्या बहुतेक घोड्यांना मात्र काहीच त्रास होत नाही. त्यामुळे विषाणूखेरीज आणखी एखादा घटक असावा, हे मत अजून टाकून देता येत नाही.

माणसातील समांतर उदाहरण आर्नल्ड यांचे पुत्र मॅक्स थायलर यांच्या पीतज्वराच्या लसीशी निगडित आहे. १९४२ मध्ये मानवी सीरम मिसळलेली ही लस टोचलेल्या सुमारे ५०,००० अमेरिकन सैनिकांना काविळीमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या सीरममध्ये हिपॅटायटिस बी चा विषाणू होता, हे १९८० च्या दशकात रक्ततपासणीतून सिद्ध झाले. वडिलांनी घोड्यांत नोंदवलेला धोका मुलाच्या लसीतून माणसांत दिसावा, ही वैद्यकाच्या इतिहासातील विलक्षण घटना होय.

आहाराच्या भूमिकेवरही बराच वाद झाला. निकृष्ट प्रथिनांवर वाढवलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांचे यकृत मरते, यावरून हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९४० च्या दशकात माणसातही कुपोषण कारणीभूत मानले. क्लाऊस श्वार्त्स यांनी १९५७ मध्ये उंदरांचे यकृत वाचवणाऱ्या आहारातील संरक्षक घटकात सेलेनियम असल्याचे दाखवले. डुकरांना सेलेनियम व ई जीवनसत्त्वाच्या अभावी असा रोग होतो. माणसाबाबतचा निष्कर्ष मात्र टिकला नाही.

बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे पशू व माणूस दोघांनाही बाधणारे कारण आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की दगावल्या. १९७४ च्या अखेरीस पंचमहाल (गुजरात) व बांसवाडा (राजस्थान) भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले, पैकी १०६ मेले. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही कावीळ व जलोदराने मेली. या यकृतांत पित्त साचणे व पित्तनलिकांची वाढ ठळक होती. म्हणून काटेकोर अर्थाने ही साथ या विकृतीच्या सीमेवरची म्हणावी लागेल.

रोगाचा शेवट मुख्यतः किती कोशिका वाचल्या आणि यकृताचा तंतुमय सांगाडा शाबूत राहिला का, यावर ठरतो. सांगाडा टिकला तर उरलेल्या कोशिका विभागून काही आठवड्यांत यकृत भरून येते. तो कोसळला तर व्रणऊतक व गाठी राहतात. रक्त न गोठणे, मेंदूला सूज येणे व जंतुसंसर्ग ही माणसातील मृत्यूची प्रमुख कारणे आहेत. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत दिल्यास यकृत बहुधा वाचते. हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत विशेष घातक ठरतो. इतर उपाय थकल्यास यकृत-प्रतिरोपण करतात. थायलर रोगात आठवडाभर तग धरणारा घोडा बहुधा पूर्ण बरा होतो.