‘ॲडम-टू’ कुठे आहे? पोलिसांच्या गाड्या आणि त्यांची रेडिओवरची नावं

न्यूयॉर्कच्या पोलिसांत एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय: सामान्य माणसाला मदत लागली की तो पोलिसांना बोलावतो आणि पोलिसांना मदत लागली की ते ईएसयूला बोलावतात. ईएसयू म्हणजे इमर्जन्सी सर्व्हिस युनिट. पुलाच्या केबलवर चढून बसलेल्या माणसाची समजूत घालून त्याला सुखरूप खाली आणायचं, मेट्रोच्या डब्याखाली अडकलेल्याला बाहेर काढायचं, चेपलेल्या मोटारीचं दार हायड्रॉलिक कटरने कापायचं आणि घरात बंदूक घेऊन दडलेल्याच्या दाराशीही यांनीच जायचं. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत सुटकेची कामं अग्निशमन दलाकडे असतात आणि बंदुकीची कामं पोलिसांच्या ‘स्वॉट’ पथकाकडे. न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दल सुटकेची कामं करतंच, पण ईएसयूची माणसं ही दोन्ही कामं करतात. त्यामुळे त्यांच्या गाडीत दोरखंड आणि रायफल शेजारीशेजारी असतात.

या पथकाच्या 10 तुकड्या आहेत. 1 आणि 2 मॅनहॅटनमध्ये, 3 आणि 4 ब्रॉन्क्समध्ये, 5 स्टेटन आयलंडवर, 6, 7, 8 ब्रुकलिनमध्ये आणि 9, 10 क्वीन्समध्ये. तुकडीला बोलीभाषेत ‘ट्रक’च म्हणतात. प्रत्येक तुकडीकडे प्रामुख्याने दोन प्रकारची वाहनं असतात. एक लहान, सतत रस्त्यावर फिरणारं. यात नेहमी लागणारी अवजारं, दोर, ढाली आणि प्रथमोपचाराचं सामान असतं. दुसरा मोठा ट्रक. जड वजन उचलायच्या हवेच्या पिशव्या, लाकडी ठोकळे, जनरेटर असं अवजड सामान त्याच्या पोटात असतं. याशिवाय गोळ्या झेलणारी चिलखती वाहनंही आहेत.

आता कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाचा विचार करा. लिफ्टच्या खड्ड्यात कुणी पडलंय. कुठली गाडी सर्वांत जवळ आहे, तिच्यात काय सामान आहे, ती मोकळी आहे का, हे सगळं त्याला एका श्वासात विचारायचं असतं आणि तेही अशा चॅनलवर, जिथे एका वेळी एकालाच बोलता येतं.

फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात. पोलिसांच्या वायरलेसवर बटण दाबलं की फक्त बोलता येतं, सोडलं की फक्त ऐकता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर काय होतं? पोलिसांचे पारंपरिक सेट एफएम पद्धतीचे आहेत. एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा की दोन लहरी एकदम आल्या तर तो जोरकस लहर पकडतो आणि दुबळी जवळपास पूर्णपणे दाबून टाकतो. ज्याचा आवाज दबला त्याला ते कळतही नाही; त्याला वाटतं, आपण सांगितलं. म्हणून बोलणं आखूड हवं आणि पहिल्या दोन शब्दांतच कोण कुणाशी बोलतंय हे समजायला हवं. ते काम कॉल साइन, म्हणजे गाडीचं रेडिओवरचं नाव, करते.

‘ॲडम-टू’ म्हणजे दुसऱ्या तुकडीची पहिली गस्तीची गाडी. ‘बॉय-टू’ म्हणजे त्याच तुकडीची दुसरी. उत्तर मॅनहॅटनमधून ‘ॲडम-टू’ अशी हाक गेली की गाडी कुठल्या भागातली, तिच्यात कसलं सामान आणि कसली प्रशिक्षित माणसं आहेत, हे चॅनलवर ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलेलं असतं. गाडीतला माणूस पाळीगणिक बदलतो, नाव तेच राहतं.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ही पद्धत आणखी पुढे नेली. तिथे ‘सिक्स-ॲडम-फिफ्टीन’मधला 6 म्हणजे हॉलिवुड विभाग, ॲडम म्हणजे गाडीत दोन अधिकारी आहेत आणि 15 हा गस्तीच्या भागाचा क्रमांक. त्याच जागी ‘लिंकन’ आलं तर गाडीत एकच अधिकारी आहे. ‘डेव्हिड’ आलं तर स्वॉट. लिंकन गाडीने रात्री संशयित मोटार थांबवल्याचं सांगितलं की ऐकणाऱ्या इतरांना लगेच समजतं, आपला सहकारी तिथे एकटा आहे. कुणी मुद्दाम मदत मागायच्या आधी ही माहिती नावातूनच पोचते. मला या सगळ्या पद्धतीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

ॲडम म्हणजे ए, बॉय म्हणजे बी. पण मग नुसतं ए, बी, सी का नाही? याचं उत्तर ध्वनिविज्ञानात आहे. बोलण्याच्या वायरलेस चॅनलमधून साधारण 300 ते 3000 हर्ट्झ इतकाच पट्टा जातो. ‘स’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते, ती कापली जाते. शिवाय बी, डी, पी, टी, व्ही या अक्षरांची शेपटी सारखीच, ‘ई’. फरक असतो तो सुरुवातीच्या, सेकंदाच्या काही शतांशांत संपणाऱ्या व्यंजनात. सायरन वाजतोय, खिडकी उघडी आहे, अशा वेळी तेवढाच तुकडा हरवतो. आपणही फोनवर ईमेलचा पत्ता सांगताना ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ म्हणतोच. शब्द लांब असतो, त्यातला एखादा तुकडा गेला तरी उरलेल्यावरून मेंदू तो पूर्ण करतो. विमानांसाठीची ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही यादी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांवर चाचण्या घेऊन 1956 मध्ये लागू झाली. अमेरिकी पोलिसांची ‘ॲडम, बॉय, चार्ल्स’ त्याहून जुनी आणि ती सवयीने टिकली.

ताणाखाली शब्द आकड्यांपेक्षा किती पक्का असतो, याचा एक पुरावा न्यूयॉर्कच्याच आकाशात आहे. 15 जानेवारी 2009 रोजी यूएस एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिनं पक्षी धडकून बंद पडली आणि कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरवलं. विमानाची कॉल साइन होती ‘कॅक्टस 1549’. संकट कळवताना कॅप्टननी सांगितलं, ‘कॅक्टस 1539’. नियंत्रकाने पुढे त्यालाच ‘1529’ म्हटलं. दोघंही आपल्या कामात मुरलेले, तरी दोघांचाही आकडा चुकला. ‘कॅक्टस’ मात्र दोघांच्याही तोंडून अचूक आलं. विमानातले सर्व 155 जण वाचले.

‘टेन-फोर’ (म्हणजे ‘समजलं’), ‘टेन-थर्टीन’ अशा पोलिसांच्या रेडिओवरच्या संकेतांतल्या ‘टेन’मागेही यंत्राची एक अडचण होती. 1930 च्या दशकातल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या सेटला बटण दाबल्यावर पूर्ण ताकद यायला क्षणभर लागायचा आणि पहिला स्वर गिळला जायचा. आधी ‘टेन’ म्हटलं की तो गिळला गेला तरी चालत होतं, खरा आकडा नंतर येई. ट्यूब कधीच गेल्या, ‘टेन’ राहिला. न्यूयॉर्कमध्ये ‘टेन-थर्टीन’ म्हणजे पोलीस अधिकाऱ्याला तातडीने मदत हवी आहे. तो ऐकला की जवळच्या गाड्या तिकडे धावतात.

आता लहरींचा प्रवास. न्यूयॉर्क पोलिसांचे चॅनल प्रामुख्याने 470 ते 512 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत. या लहरींची लांबी सुमारे 60 सेंटिमीटर, त्यामुळे खिडक्या-दारांतून त्या बऱ्यापैकी आत शिरतात. पण कमरेचा सेट अवघ्या काही वॉटचा. काँक्रीट आणि पोलाद त्याचा आवाज खाऊन टाकतात. म्हणून ठिकठिकाणी नुसते ऐकणारे रिसीव्हर बसवतात. एकच हाक अनेक रिसीव्हरना ऐकू जाते. यंत्रणा त्यांतला सर्वांत स्वच्छ आवाज निवडते आणि जोरकस ट्रान्समीटरवरून पुन्हा सगळीकडे पाठवते. भुयारात तेही चालत नाही. तिथे बोगद्याच्या भिंतीला अशी केबल लावतात, जिच्या आवरणातून मुद्दाम लहरी झिरपू दिल्या जातात.

इतकी घडी बसवलेली ही व्यवस्था एका जागी अपुरी पडली. ती जागा म्हणजे 11 सप्टेंबर 2001 चं वर्ल्ड ट्रेड सेंटर. सकाळी 9:59 ला दक्षिण मनोरा कोसळला. जवळच्या चर्च स्ट्रीट आणि व्हीसी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ईएसयूचा अधिकारी उभा होता, त्याने लगेच आपल्या सगळ्या तुकड्यांना बाहेर पडायचा आदेश वायरलेसवर दिला. काही मिनिटांत पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून संदेश आला, उत्तर मनोरा माथ्यापासून सुमारे 15 मजले खाली लालभडक दिसतोय, तोही पडेल. हे ऐकलं ते पोलिसांनी. त्याच मनोऱ्यात जिने चढत असलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांचा चॅनल वेगळा होता आणि त्यांच्या प्रमुखांचा हेलिकॉप्टरशी थेट संपर्क नव्हता. शिवाय उंच मनोऱ्यात त्यांचे सेट अडखळत होते, आवाज वर पोचवणारा रिपीटर पूर्ण सुरूच झालेला नव्हता आणि एकाच चॅनलवर बोलणाऱ्यांची गर्दी झाली होती. 10:28 ला उत्तर मनोरा कोसळला.

त्या दिवशी अग्निशमन दलाचे 343 आणि न्यूयॉर्क पोलिसांचे 23 जण गेले. त्या 23 पैकी 14 ईएसयूचे होते. वायरलेसमुळेच हे सगळं घडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. आदेश ऐकूनही काही जण अडकलेल्या माणसांना आणि सोबत्यांना सोडून निघाले नाहीत. पण दोन दलांचे कान एकमेकांना जोडलेले नव्हते, ही गोष्ट हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या 2004 च्या अहवालाने स्पष्ट नोंदवली. त्यानंतरच्या काळात अमेरिकी केंद्र सरकारने अनेक दलं एकत्र येतात अशा घटनांसाठी ‘टेन’चे संकेत बाजूला ठेवून साध्या भाषेत बोलण्याचा नियम केला, कारण त्यांचे अर्थ प्रत्येक दलात वेगळे असतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. संकेतांनी वाचणारा एखाददुसरा सेकंद चुकलेल्या अर्थाच्या मानाने फार स्वस्त आहे. कॉल साइन मात्र गेल्या नाहीत, जाणारही नाहीत. गाडीचा ठिपका पडद्यावर दिसला तरी तिला हाक मारावीच लागते.

डिजिटल सेट आल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. हे सेट आवाज जसाच्या तसा पाठवत नाहीत. माणसाचा कंठ कसा बोलतो याचं गणिती प्रारूप वापरून ते त्याचं सेकंदाला काही हजार बिटांत वर्णन करतात आणि पलीकडचा सेट त्या वर्णनावरून आवाज पुन्हा घडवतो. शेजारी यांत्रिक करवत किंवा धोक्याची घंटा कर्कशपणे वाजत असेल, तर प्रारूप तिलाही माणसाचा आवाज समजायला जातं आणि बोलणं ओळखू येत नाही. 2008 च्या सुमारास अमेरिकेत याच्या रीतसर चाचण्या झाल्या. गोंगाट जास्त असताना जुना खरखरणारा ॲनालॉग सेट काही वेळा डिजिटलपेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येत होता. तेव्हापासून माइकची रचना, गोंगाट गाळण्याच्या पद्धती आणि कोडिंग यांत सुधारणा होत आल्या आहेत. आग विझवणाऱ्यांना आणि पत्रा कापणाऱ्यांना आजही प्रशिक्षणात शिकवतात की माइक तोंडाजवळ धरा, जमलं तर करवत क्षणभर थांबवा आणि मग बोला.