वेब अ‍ॅप होस्टिंग, कमी खर्चाचे (नाशिक)

वेब अ‍ॅप इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरवर चढवणे, ते चालू ठेवणे आणि गर्दी वाढली की त्याची ताकद वाढवणे, यासाठी भाड्याने घेतली जाणारी सेवा. नाशिकमध्ये तिचे गिऱ्हाईक बहुधा लहान असते : सातपूर किंवा अंबडच्या वर्कशॉपची ऑर्डर-नोंद, द्राक्ष बागायतदारांच्या कंपनीचा हिशेब, कॉलेज रोडवरच्या क्लासची हजेरी, एखाद्या हॉटेलचे बुकिंग. अशा अ‍ॅपला वर्षातले बहुतेक दिवस एक छोटा सर्व्हर पुरून उरतो. निवड फसते ती बहुतेक वेळा गरज नसताना मोठ्या कंपन्यांच्या थाटाची व्यवस्था उभारल्यामुळे. शंभर जणांच्या अ‍ॅपसाठी कुबरनेटीस (अनेक सर्व्हर एकत्र चालवणारी प्रणाली) शिकायला बसणे हा हौसेचा भाग झाला.

प्रकार : सर्वांत जुनी सोय म्हणजे आभासी सर्व्हर, म्हणजेच व्हीपीएस. रिकामे लिनक्स मशीन मिळते, पुढचे सगळे आपले आपण करायचे. महिना ५ डॉलरचा सर्व्हर लोकप्रिय करणाऱ्या डिजिटलओशनने २०१६ मध्ये बेंगळुरूत केंद्र उघडले; त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा (एडब्ल्यूएस) मुंबईत आली. दुसरा प्रकार २००७ मध्ये सुरू झालेल्या हेरोकूने रुळवला. गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) कोड ढकलला की बांधणी, सर्व्हर, सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र हे सगळे मंचच, म्हणजे सेवा देणारी कंपनीच, पाहतो. हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत योजना बंद केली, तेव्हा कॉलेजच्या प्रोजेक्टांपासून छोट्या दुकानांच्या साइटपर्यंत अनेकांना बिऱ्हाड हलवावे लागले. रेंडर, रेल्वे, फ्लाय हे मंच याच वळणाचे. या दोहोंच्या मधला मार्गही आहे : स्वस्त व्हीपीएसवर डोक्कू किंवा कूलिफाय बसवले की हेरोकूसारखी सोय आपल्याच मशीनवर मिळते. मात्र अपडेट आणि बॅकअपची जबाबदारी आपलीच राहते. तिसरा प्रकार सर्व्हरलेस, म्हणजे सर्व्हर भाड्याने न घेता गरज पडेल तेव्हाच कोड चालवणे. त्यातली एडब्ल्यूएस लॅम्डा ही सेवा २०१४ मध्ये आली. यात वापर झाला तेवढेच बिल लागते. क्वचित चालणाऱ्या कामाला हे झकास, पण दिवसभर उघड्या राहणाऱ्या हिशेबाच्या अ‍ॅपला त्याचा फारसा फायदा नाही.

मोफत योजना दाखवण्यापुरत्या ठीक. त्यात थोडा वेळ कोणी आले नाही की अ‍ॅप झोपते आणि पुढच्या माणसाला ते जागे होईपर्यंत पांढऱ्या पडद्याकडे बघत बसावे लागते. काही ठिकाणी मोफत डेटाबेस ठरावीक मुदतीनंतर पुसलाच जातो. हेरोकूच्या वळणाच्या मंचांवर आणखी एक खोच आहे : सर्व्हरच्या डिस्कवर ठेवलेली फाइल सहसा पुढच्या डिप्लॉयला, म्हणजे नवा कोड चढवताना, टिकत नाही. बागेतले घडांचे फोटो अ‍ॅपच्याच ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये ठेवले, तर नवा कोड चढवताच ते गायब होतात. फोटो वेगळ्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फायली साठवण्याची स्वतंत्र सेवा) ठेवावे लागतात.

खर्च : दरपत्रकावरचा महिन्याचा आकडा हा बिलाचा एक भागच असतो. बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर वेगळा, आणि फरक तिथेच पडतो. एडब्ल्यूएसच्या मुंबई केंद्रातून महिन्याला पहिले १०० जीबी सोडले तर पुढे प्रत्येक जीबीला सुमारे ११ सेंट पडतात. डिजिटलओशनच्या छोट्या सर्व्हरमध्ये ५०० ते १,००० जीबी भाड्यातच येतात आणि त्यावर जीबीला १ सेंट. प्लॉट-फ्लॅटच्या फोटोंची साइट महिन्याला ५०० जीबी डेटा पाठवत असेल, तर पहिल्या ठिकाणी सर्व्हरचे भाडे सोडून ४० डॉलरच्या वर जातात. त्यात बिल डॉलरमध्ये. २०१५ च्या सुमारास ६५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला, म्हणजे कंपनीने दर न वाढवताही भाडे वाढले. वर १८ टक्के जीएसटी.

पैसे भरण्याचाही प्रश्न असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या वजावटीला ई-मँडेट (ग्राहकाने आधी नोंदवलेली संमती) लागते. परदेशी मंचांची सोय तशी नसेल तर कार्ड नाकारले जाते आणि काही दिवसांनी अ‍ॅप बंद पडते. कोडमध्ये चूक शोधत बसलेल्याला हे शेवटी कळते. रुपयांत बिल देणारा किंवा आगाऊ रक्कम जमा करू देणारा मंच थोडा महाग असला तरी परवडतो.

अंतर : नाशिकहून मुंबई रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, मुंबईतला सर्व्हर काही मिलिसेकंदांत उत्तर देतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला एक फेरी सुमारे २०० मिलिसेकंदांची. खरा घोळ होतो तो अ‍ॅप मुंबईत आणि स्वस्त मिळाला म्हणून डेटाबेस अमेरिकेत, असा संसार मांडल्यावर. एका पानाला एकामागून एक २० क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) लागत असतील, तर ४ सेकंद प्रवासातच जातात. अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच केंद्रात असणे हे सर्व्हरच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचे.

गर्दी : जिल्ह्यातली गर्दी वेळा सांभाळून येते. लासलगावला कांद्याचे लिलाव सुरू झाले की निफाड, चांदवड, येवल्याकडचे शेतकरी भाव बघायला फोन उघडतात. भावाचे पान सगळ्यांना एकच हवे असते, म्हणून ते ३० सेकंद कॅशमध्ये (तयार पान तात्पुरते जपून ठेवण्याची जागा) ठेवले की सेकंदाला २०० जण आले तरी डेटाबेसला अर्ध्या मिनिटात एकच क्वेरी जाते. सर्व्हर वाढवायची गरजच पडत नाही. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६ ते २०२८ या काळातला. त्या काळातल्या घाट, पार्किंग, रस्ते अशा माहितीच्या पानांनाही हाच उपाय लागू पडतो.

खोल्यांच्या बुकिंगला तो चालत नाही, तिथे प्रत्येकाचे उत्तर वेगळे. अशा वेळी मंचावरचा आकडा १ चा १२ करून अ‍ॅपच्या प्रती वाढवल्या जातात आणि सगळेच कोलमडते. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असते. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) नेहमीच्या पूलमध्ये, म्हणजे उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात, प्रत्येक प्रत १० पर्यंत जोडण्या धरते, म्हणजे दहाव्या प्रतीलाच कोटा भरला. उपाय थोड्या जोडण्या सगळ्यांत वाटून वापरणारा पीजीबाउन्सरसारखा मध्यस्थ बसवण्याचा किंवा पूल लहान करण्याचा. त्याआधी सर्वांत मंद क्वेरीला इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) आहे का, हे पाहण्याचा. तो फुकट असतो.

सोडून जाण्याची सोय : अ‍ॅप डॉकर कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एकत्र बांधलेले), डेटाबेस साधा पोस्टग्रेस आणि पासवर्ड-किल्ल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडच्या बाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये) असतील, तर मंच बदलणे एका रात्रीचे काम. एखाद्याच मंचाच्या खास सेवांवर बांधलेले अ‍ॅप तिथेच अडकते. नाशिकमध्ये याला आणखी एक बाजू आहे. अ‍ॅप बनवणारा मुलगा वर्ष-दोन वर्षांत पुण्याला नोकरीला जातो. डोमेन त्याच्या जीमेलवर, होस्टिंगचे खाते त्याच्या कार्डावर आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर राहिला, तर दर कितीही स्वस्त असला तरी मालकाला स्वतःच्याच अ‍ॅपसाठी त्याच्या फोनची वाट बघावी लागते. ही खाती पहिल्या दिवशीच मालकाच्या नावाने आणि मोबाइलवर उघडून मुलाला त्यात सदस्य म्हणून जोडता येते. बहुतेक मंचांवर ही सोय असते.