सौरवादळाचा अंदाज आणि कुलाब्याची वही

सूर्यावरच्या स्फोटातून सुटलेला भारित कणांचा ढग पृथ्वीवर आदळला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं; हे सौरवादळ जास्तीत जास्त किती मोठं असू शकतं? वीज पारेषणाचं नियोजन करणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही, आणि उत्तर शोधताना जगभरचे अभ्यासक मुंबईतल्या एका जुन्या नोंदवहीपाशी येतात.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं तिथे १८४० च्या दशकात सुरू झाली, तीही डोळ्यांनी. टांगलेला चुंबक किती वळला ते दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. एरवी तासातासाने, चुंबक बिथरला तर दर पाच-पंधरा मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावर लखलखाट दिसला. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं. अमेरिकेत काही तारवाल्यांनी बॅटऱ्या सोडवल्या आणि तारांत आपसूक आलेल्या प्रवाहावरच संदेश पाठवले. युरोपातल्या चुंबकमापक यंत्रांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र निरीक्षक आकडे टिपतच राहिले: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) घसरला. मूळ क्षेत्राच्या जेमतेम चार टक्के, पण एवढी घसरण क्वचितच कुठे नोंदली गेली आहे.

पुढे याच कुलाब्यातून मोजमापं हलवावी लागली ती विजेमुळेच. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या, आणि रुळांतून परतणाऱ्या प्रवाहाने चुंबकमापकं बिघडली असती. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून साखळी तुटली नाही. १९०७ मध्ये ट्राम धावली. मूस यांची ही दोन वर्षांची चिकाटी माझ्या मते वेधशाळा बांधण्याहून मोठी.

२००३ मध्ये अमेरिकी अवकाश-शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या जुन्या आकड्यांवरून १८५९ च्या वादळाची तीव्रता मांडली. तोवर धोका काय असतो ते जगाला कळलं होतं. १३ मार्च १९८९ रोजी क्वेबेकची वीजव्यवस्था दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. वादळात जमिनीतून शिरणारा मंद प्रवाह ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त करतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते, आणि संरक्षक यंत्रणा एकेक करून आपोआप बंद पडत जातात. मुंबई विषुववृत्ताच्या बरीच जवळ, त्यामुळे इथे हा धोका कॅनडापेक्षा खूप कमी. उपग्रहांच्या संदेशांचा त्रास मात्र आपल्यालाही होतो.

अंदाजाची खरी अडचण दिशेची आहे. सूर्यावरचा स्फोट दिसतो आठ मिनिटांत, त्यातून सुटलेला कणांचा ढग पोचायला पंधरा तास ते तीन दिवस. पण त्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं आहे का, ज्यावर सगळी तीव्रता ठरते, हे तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवरून, जिथे याने ठेवलेली असतात, जाताना कळतं. २०२४ च्या जानेवारीपासून भारताचं सूर्यनिरीक्षक यान ‘आदित्य-एल१’ तिथेच आहे. तिथून मिळते फार तर तासाभराची सूचना. तेवढ्यात ग्रिडवाल्यांनी दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या परत जोडायच्या आणि ट्रान्सफॉर्मरवरचा भार कमी करायचा.