फुकट काबर शिकाडतस? वहिनीच्या इंग्रजी क्लासची पार्श्वभूमी

आमची पाचोऱ्याची वहिनी सध्या मेलबर्नला आठवड्यातून तीन दिवस इंग्रजीच्या क्लासला जाते, फी काहीच नाही आणि वरून क्लास चालू असेपर्यंत लहान्याला सांभाळायची सोयपण सरकारचीच. शेजारी एक अफगाणी बाई बसते, मागे सुदानचा ड्रायव्हर. हे ऐकून आमच्या आबांचा पहिला प्रश्न, "पन त्या फुकट काबर शिकाडतस भो?" प्रश्न बरोबर होता, म्हणून जरा वाचलं.

तर हे क्लास चालू झाले १९४८ ला. महायुद्ध संपलेलं, युरोपात छावण्यांमध्ये पोलंड, लॅटव्हिया, लिथुआनिया, युक्रेनकडचे लाखो लोक अडकलेले, आणि ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, कारखान्यांना, रस्त्यांना, धरणांना. आणलं ते करारावर, दोन वर्षं सरकार सांगेल तिथे काम करायचं. आता फोरमन काय ओरडतोय हेच ज्याला कळत नाही त्याच्याकडून काम काय घेणार, म्हणून इंग्रजी. जहाजावरच धडे चालू व्हायचे, मग ऑस्ट्रेलियात उतरल्यावर बोनेगिला गावच्या छावणीत. ही जुनी लष्करी छावणी, १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांवर लोक तिथून पुढे गेले. मास्तरची पंचाईत अशी की एका वर्गात सात-आठ भाषा, भाषांतर करणार कुणासाठी? मग वस्तू दाखवा, करून दाखवा, तेच वाक्य सगळ्यांकडून म्हणून घ्या. शिवाय रेडिओवर आणि पोस्टाने पण धडे.

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. याच देशात १९०१ च्या कायद्याने एक डिक्टेशन टेस्ट होती. नको असलेला माणूस बंदरावर उतरला की अधिकारी ५० शब्दांचा उतारा वाचणार आणि त्याने तो लिहायचा, आणि भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार, युरोपातली कोणतीपण. म्हणजे आपल्याकडचा एखादा फाडफाड इंग्रजी लिहिणारा गेला तरी त्याला दुसरीच भाषा देऊन नापास करता यायचं. १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या पत्रकाराला बऱ्याच भाषा येत होत्या, तर त्याला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये (स्कॉटलंडची जुनी भाषा) उतारा दिला, शेवटी हायकोर्टाने ते उडवलं. ही टेस्ट बंद झाली १९५८ ला. म्हणजे दहा वर्षं दोन्ही सोबत चालू होतं, गोऱ्यांना फुकट भाषा शिकवणं आणि भाषेच्याच नावाखाली बाकीच्यांना बाहेर ठेवणं. तेव्हा आमच्या वहिनीला क्लास सोडा, बोटीतून खाली पाय ठेवू दिला नसता.

गोऱ्यांनाच घ्यायचं हे धोरण १९७३ ला संपलं आणि १९७५ नंतर व्हिएतनामचे लोक आले, काही तर बोटीतून. त्याच दशकात आणखी एक गोष्ट लक्षात आली की पुरुष कारखान्यात कसंबसं चार शब्द शिकतो पण घरातली बाई तशीच राहते, पोरं सोडून क्लासला जाणार कशी, मग स्वयंसेवक आठवड्यातून एकदा घरी जाऊन शिकवू लागले. मला तर वाटतं सगळ्या इतिहासात कामाची गोष्ट हीच. पुढे बरीच वर्षं या फुकट क्लासला माणशी ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१ मध्ये काढली.

आपले खानदेशातले लोक सुरतेला उधना-लिंबायतला कापडाच्या लूमवर गेले तेव्हा कुणी क्लास लावला होता? लूमच्या खडखडाटात शेठची शिवी आधी कळली, बाकीची गुजराती मग, त्यात अहिराणीत गुजराती शब्द आधीच भरपूर म्हणून निभावलं.

आणि हो, वहिनीची सासू तीन महिने राहून आली, व्हिजिटर व्हिसावाल्यांना हा सरकारी क्लास नाही. ती जवळच्या लायब्ररीत गप्पांच्या ग्रुपला जायची, तिथे व्हिसा विचारत नाहीत. परत आल्यावर आबांना सारखं "नो वरीज" म्हणते, आबा वैतागलेत.